जंतूचं गाव

कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे निघाल्या, की रस्त्याकडेच्या बाभळी एका आठवड्यात म्हाताऱ्या दिसायला लागतात. काट्यांवर, विजेच्या तारांवर, चौकातल्या पोलिसाच्या टोपीवरसुद्धा कापूस अडकलेला असतो. मी शाळेत शिकवायला निघते तेव्हा पुढच्या ट्रॉलीतून एक पुंजका उडत येतो आणि बरोबर माझ्या नाकावर बसतो. मग मला शिंक येते, शिंकेमागून खोकला येतो, आणि खोकल्यामागून, काही इलाज नाही, बेज्जूर आठवतं. बेज्जूरला मी आयुष्यात कधी गेलेली नाही.

बेज्जूर हे बाबांचं. तेलंगणातल्या जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, प्राणहिता नदीच्या बाजूला, जंगलात बसलेलं. लग्नाआधी बाबा तिथल्या कचेरीत कारकून होते. तिथून बदली होऊन भीमपूरकडे, पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावी आले, आणि तेव्हापासून ते आम्हाला बेज्जूर सांगत आले आहेत. विषय कुठलाही काढा. भाजीत मीठ कमी पडलं तर बेज्जूरच्या मिठाची गोष्ट, दाराची कडी करकरली तर बेज्जूरच्या वाघाची. पण त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट बेज्जूरच्या मलेरियाची. त्या मलेरियात बाबांची पँट कमरेवर राहीना. महिनोन्महिने बारीक ताप, खोकला, घामानं अंथरूण ओलं. दवाखान्याच्या गोळ्या काही दिवस खाल्ल्या, बरं वाटल्यावर फेकून दिल्या, आणि शेवटी प्राणहितेच्या माशाच्या रश्श्यानं ते उठून उभे राहिले. मलेरियात एवढा खोकला कसा, हे आम्ही कोणी विचारलं नाही. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत विचारण्यासारखं काही शिल्लक असेल असं वाटत नाही.

मला आठवतो तो एकच हंगाम. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, गावातल्याच मराठी शाळेत मी शिकवत होते, आणि शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी फुटली होती की बांधावरून बघितलं तर डोळे दिपायचे. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरतात. आमच्या घरी मधली खोली त्याची. आधी कोपरा भरतो, मग भिंत, मग खिडकी बुजते, आणि शेवटी खोलीत माणसाला बसायला जेवढी जागा उरते तेवढ्यात बाबा सतरंजी टाकतात. कापसाची राखण करायला कोणीतरी हवं ना. राखण म्हणजे रमी. बाबा, शेजारचे शेतकरी मारोतीकाका आणि त्यांच्याच वयाचे आणखी दोघं-तिघं. दव लागून कापूस पिवळा पडू नये म्हणून दार लावलेलं. विडी ओढायची तर बाहेर जा, हा बाबांचा हुकूम. आगीला आत मनाई होती, खोकल्याला नव्हती.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. सरकीचा उबदार, तेलकट वास, त्यात पानतंबाखू, त्यात चहा. आणि आतून येणारे खोकले. मी पलीकडच्या खोलीत वह्या तपासत बसायचे आणि खोकल्यावरून डाव कुठं आलाय ते ओळखायचे. मारोतीकाकांना चांगली पानं लागली की खोकला यायचा, हे सगळ्या गड्यांना माहीत होतं. ते खोकले की बाकीचे पटापट पानं टाकून मोकळे होत. काका बिचारे वर्षानुवर्षं हरत आले होते.

बाबांच्या खोकल्याचा मान वेगळाच होता. तो फाटकाशी ऐकू आला की आई आधण ठेवायची. बाबा खोकले म्हणजे बाबा आले. तो आजार आहे असं कोणाच्या मनात आलं नाही, ती वर्दी होती. आणि मग शीलावहिनी खोकायला लागली. माझ्या दादाची बायको, लग्नाला जेमतेम दोन दिवाळ्या झालेल्या. तिचा खोकला मात्र पहिल्या दिवसापासून आजार ठरला.

वहिनीचं माहेर पैनगंगेच्या पलीकडं, महाराष्ट्रात. इतकं जवळ की तिकडच्या लग्नातली गाणी इकडं ऐकू येतात. आईचं स्वतःचं माहेरही पलीकडंच, पण आई आली तेव्हा, आईच्या म्हणण्याप्रमाणे, तिकडं टीबी नव्हता. त्यात वेचणीला हात कमी पडले म्हणून वहिनीचा भाऊ राहुल चार दिवस मदतीला आला, तोही खोकत. झालं. आईनं ओसरीवरून निकाल दिला, "तिचा भाऊ खोकलते, ते बी खोकलते. आता यात पाहाचं काय राह्यलं?"

त्याच आठवड्यात हैदराबादहून डॉक्टरीणबाई आल्या. टीबी कोणाकडून कोणाकडे जातो याचा अभ्यास करायला त्या गावोगाव फिरत होत्या. बरोबर एक गाडी, गाडीत एक थंड पेटी आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या. बाईंना मराठी येत नव्हती आणि आमच्या म्हाताऱ्यांना तेलुगू बाजारापुरती. म्हणून शाळेतून मला दुभाषी म्हणून नेलं. बाई प्रत्येकाला एकच विचारायच्या, "दग्गु उंदा?" म्हणजे खोकला आहे का. दोन दिवसांत पोरं खेळताना एकमेकांना "दग्गु उंदा?" विचारून पळायला लागली.

बाईंना थुंकी नको होती, बेडका हवा होता, खोल छातीतून आलेला. तो कसा काढायचा हे त्यांनी शाळेच्या पटांगणात स्वतः करून दाखवलं. मग सगळं गाव ओळीनं उभं राहून खाकरायला लागलं. असा आवाज झाला की भिंतीवरच्या कोंबड्या उतरून गेल्या. मारोतीकाका तर एवढ्या जोमानं खाकरले की त्यांचा फेटा सुटला. वेचणीला आलेला राहुलही ओळीत सापडला. आई म्हणाली, घरच्या कर्त्या माणसाला कशाला थुंकायला लावता. पण बाबा जुने कचेरीतले. सरकारी काम म्हटल्यावर त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि डबीवर नाव नीट लिहिलंय का ते बघून मगच खाकरले. वहिनीच्या वेळेला आई स्वतः शेजारी उभी राहिली. पुरावा कमी पडायला नको.

डब्या कशाला, हे सांगताना माझी पंचाईत झाली. बाई म्हणाल्या होत्या, जंतूच्या डीएनएचा ठसा घ्यायचा. मी तेच सांगितलं. मारोतीकाकांनी लगेच अंगठा धोतराला पुसून पुढं केला आणि म्हणाले, "घ्या बाई. मशीन कुठी हाय?" रेशनच्या दुकानात दर महिन्याला अंगठा लावून त्यांना तेवढंच ठाऊक. मी म्हटलं, "काका, तुमचा नाई, जंतूचा." ते म्हणाले, "जंतूले अंगठा असते?"

मग मला सुचलं. मी विचारलं, "पोरीले पाहायले पाव्हणे आले त आपण काय विचारतो?" काका म्हणाले, "आडनाव. गाव. मामाचं गाव. कोनाकोनात सोयरीक हाय ते." मी म्हटलं, बस, बाई जंतूला तेच विचारणार. बाहेरून सगळे जंतू सारखे दिसतात. पण आत त्यांच्या कुळाची खूण असते. दोन माणसांच्या जंतूंची खूण एकच निघाली तर ते एका घरचे, म्हणजे एकाचा दुसऱ्याकडे गेला, नाहीतर दोघांकडे एकाच ठिकाणाहून आला. खूण वेगळी, तर त्यांचा संबंध नाही.

"म्हंजे जंतूची भावकी पाहाची," काका म्हणाले. "असं सांगा ना मंग. एवढं तेलगू कायले बोलता?"

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसत सुटल्या. त्यांनी हैदराबादेत मोठमोठ्या लोकांना हे समजावलं होतं म्हणे, पण इतक्या लवकर कोणाच्या गळी उतरलं नव्हतं. कसं उतरणार. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं तिकीट फाडून होईपर्यंत त्याच्या आत्याचं सासर कळलेलं असतं. त्या दिवशी बाई गाडीत बसेपर्यंत बायकांनी त्यांच्याही कुळाचा छडा लावला आणि त्यांचं लग्न अजून का झालं नाही यावर मला भाषांतर करायला लावलं. ते मी केलं नाही.

रोग आहे की नाही हे लवकर कळलं. वहिनीला होता. राहुलला होता. बाबांना होता, मारोतीकाकांना होता, आणि सतरंजीवरच्या आणखी एकाला. सगळ्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, आता तरी आई गप्प बसेल. आई म्हणाली, "पाहा. त्या खोलीत चहा घेऊन जात होती. समद्यांले लावून आली." बाबा, जे मिठावरही बोलतात, ते काही बोलले नाहीत.

चहाचं खरं तर असं होतं. गड्यांचा डाव संपल्याशिवाय कप रिकामा होत नसे, आणि कप परत आल्याशिवाय स्वयंपाकघरातल्यांना चहा मिळत नसे. म्हणून वहिनी चहा देऊन त्या कोंडलेल्या खोलीत दाराला पाठ लावून कपांची वाट बघत उभी असायची. खोकल्यांच्या मधोमध. ते मी रोज बघत होते आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं.

कपांचीही एक गोष्ट आहे, आणि ती बेज्जूरची नाही. माझे आजोबा मारोतीकाकांच्या वडिलांच्या शेतात सालदार होते. त्यांच्यासाठी तिथं वळचणीला एक कप खोचलेला असायचा. चहा वरून ओतला जायचा, आणि पिऊन झाल्यावर आजोबांनी तो स्वतः धुऊन परत वळचणीला खोचायचा. बाबांनी ते लहानपणी पाहिलं होतं. पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी पांढऱ्या कपांचा सेट आणला, सगळे हुबेहूब सारखे, एकावरही फूल नाही. आमच्या घरात कोणाचाही कप वेगळा करायचा नाही, हा घरातला एकुलता एक कायदा. मारोतीकाका आमच्याकडे त्याच कपांतून प्यायचे, आणि बाबांना प्रत्येक वेळी आतून गुदगुल्या होत असणार.

त्या हंगामात चहापत्तीच्या पुड्यावर एक निळ्या फुलाचा कप फुकट आला. आईनं तो वहिनीला दिला. नुसता दिला नाही, त्याला खिडकीत वेगळी जागा दिली. मजा अशी की घरादाराचे कप वहिनीच धुवायची, फक्त तिचा स्वतःचा वेगळा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कपानं, ताटानं काही होत नाही, बंद खोलीतल्या हवेनं होतं. मी ते आईला दोनदा भाषांतर करून सांगितलं. आपल्याला तेलुगू कळत नाही, असं आईनं दोन्ही वेळा ठरवलं. बाबांनी तो निळा कप पाहिला आणि डोळे पुन्हा पानांत घातले. मला त्या दिवशी बाबांचा इतका राग आला की मी त्यांना जेवायला वाढलंसुद्धा नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलं, आणि तेव्हाही बेज्जूरबद्दल काही बोलले नाहीत.

आईचं ठरलं होतं. वेचणी झाली की वहिनीनं माहेरी जायचं, बरी होईपर्यंत. आमच्याकडे ‘बरी होईपर्यंत’ याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मागं एका घरची सून अशीच गेली, आणि पुढच्या वेचणीला त्या घरात दुसरी सून कापूस वेचत होती. वहिनीला ते माहीत होतं. दादाला माहीत होतं, पण घरात भांडण निघालं की दादा मोटारसायकलची हवा बघायला बाहेर जातो. त्या हंगामात त्याच्या गाडीइतकी टणक चाकं जिल्ह्यात कोणाची नसतील. वेचणी संपेपर्यंत मात्र वहिनीला पाठवायची कोणाला घाई नव्हती. ती नाकावर पदर बांधून ओळीनं वेचत होती, आणि मी सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारची ओळ धरायचे. ती एकदा एवढंच म्हणाली, "ताई, माया जंतूले बोलता आलं असतं त बरं झालं असतं."

जंतू बोलायला वेळ घेत होता. टीबीचा जंतू भारी संथ. प्रयोगशाळेत तो वाढवायचा, पुरेसा झाला की त्याची खूण काढायची. मारोतीकाका दर बाजाराला मला विचारायचे, "मास्तरीणबाई, भावकी कळली का?" औषधानं त्यांचा खोकला थांबला होता आणि ते रमीत जिंकायला लागले होते. बाकीचे गडी हैराण झाले. हातात काय आहे ते कळायला आता काही मार्गच उरला नव्हता.

शेवटची वेचणी झाली. बोंडं कवडीसारखी, कापूस पिवळट, पायाखाली कोरड्या पाल्याचा आवाज. वहिनीची पिशवी भरून दारात ठेवली होती आणि राहुल न्यायला आला होता. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंची गाडी फाटकाशी थांबली. त्या रोग्यांच्या गोळ्या बघायला आल्या होत्या, पण गावभर फिरून आल्यावर त्यांच्या हातात खुणांचे कागद आहेत हे सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे त्यांच्यामागून मारोतीकाका आणि सतरंजीवरचे गडीही ओसरीवर येऊन बसले.

आई मला म्हणाली, "इचार तिले. इचा जंतू कोठचा हाय."

बाई म्हणाल्या, कोणाचं कोणाला सांगायचं नाही, तो नियम आहे. ज्याचं त्यानं विचारावं. मी भाषांतर केलं. आई तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून पुढं आली. ओल्या हातांनीच.

"मी इचारतो मॅडम," ती म्हणाली. "माया भावाचा जंतू अन् माया जंतू एका घरचे हायेत का?"

बाईंनी राहुलकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांगा. माई काई हरकत नाई."

बाईंनी कागद समोर धरले. नुसत्या आडव्या रेघा, कुठं दाट, कुठं विरळ. वहिनीची रांग आणि राहुलची रांग. मला भाषांतर करायचीही गरज पडली नाही. चादरीच्या दोन वेगळ्या किनारी कोणालाही ओळखू येतात. बाई म्हणाल्या, हिचा जंतू माहेरचा नाही. तो याच गावात हिच्याकडे आला, इथं तो आणखीही लोकांत आहे.

आईच्या आवाजातला कडकपणा थोडा उतरला. "इथला म्हंजे कोनाचा?"

ते मी सांगणार नाही, बाई म्हणाल्या. मग कागद घडी करता करता त्यांनी मला सहज विचारलं, त्यांना स्वतःलाच ते कोडं पडलं होतं म्हणून. म्हणाल्या, गंमत आहे, ही खूण आम्हाला या बाजूला आजवर कुठंच मिळाली नाही. जी मिळाली ती सगळी बेज्जूरकडच्या रोग्यांत. तुमच्या गावातलं कोणी कधी तिकडं राहिलं होतं का?

मी ते मराठीत सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू आलं, आणि शेवटचे शब्द हळू झाले.

मारोतीकाका छताकडे बघायला लागले. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक पाहुण्याला, एकदा तर रस्ता चुकलेल्या ट्रक ड्रायव्हरला बेज्जूर सांगितलं होतं, तो माणूस खांबाला टेकून बसला होता आणि बोलत नव्हता. दादा मोटारसायकलकडे निघाला होता, तो पायरीवरच थांबला.

"मी राह्यलो बेज्जूरले," बाबा म्हणाले.

आणि मग, "तो मलेरिया नोता."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा तिच्याकडे न बघता बोलत होते, कचेरीत साहेबापुढं बोलावं तसं, सावकाश. "दवाखान्यातल्यानं मले सांगतलं होतं. पर कचेरीत कळलं असतं त माया कप येगळा केला असता. म्हनून मी मलेरिया सांगतला. सांगून सांगून मलेच खरा वाटला. अन् या घरात सुनेचा कप येगळा झाला, तवा मी पानं पाहून राह्यलो होतो."

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतला निळा कप घेऊन आले. तो त्यांनी आईपुढं धरला. "मले याच्यात दे आता."

आईनं हात पुढं केला नाही. तिला रडू येत होतं आणि ते राहुलसमोर येऊ नये असंही वाटत होतं, त्यामुळे तिचा चेहरा फार विचित्र झाला होता. माझेही डोळे भरून आले होते, आणि डॉक्टरीणबाई मला सारख्या विचारत होत्या, काय झालं, काय म्हणाले, आणि मला भाषांतर सुचत नव्हतं.

वहिनीनं पदराला हात पुसले आणि बाबांच्या हातातून कप काढून घेतला. "मामाजी, तो कप माया हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, ते पिशवी घरात घ्या. दाराच्या मधात हाय, कोनी पडन."

मी पिशवी आत नेली. ओसरीवर राहुल बराच वेळ अवघडून बसला आणि शेवटी त्यानं विचारलं, "मंग मी एकलाच जाऊ का?" आई म्हणाली, "जेवून जा."

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. सगळे बरे झाले. मारोतीकाका अजून जिंकतात. कापूस अजून मधल्या खोलीतच भरतात, पण खिडकी मोकळी ठेवून. वहिनी सकाळी उठल्याबरोबर ती उघडते, बाबा कानाला मफलर गुंडाळून रमी खेळतात आणि वाऱ्यानं पानं उडतात म्हणून कुरकुरतात. बेज्जूरच्या गोष्टी थांबल्या नाहीत. मलेरियाची तेवढी गळाली आणि तिच्या जागी जंतूची आली. आपला जंतू हैदराबादेत मोठ्या फ्रिजमध्ये ठेवलाय, त्याची तिथं कायमची नेमणूक झालीय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नव्या माणसाला वाटतं, यांचा कोणी मुलगा तिकडं नोकरीला आहे.

आईनं वहिनीची माफी कधी मागितली नाही. तिच्या तोंडून तसले शब्द निघत नाहीत, आणि मीही वाट बघणं सोडून दिलं आहे. पण त्या ओसरीवरच्या दिवसानंतर, दुसऱ्या सकाळी तिनं चहा गाळला. पांढरे कप ओळीनं मांडले, एक वहिनीपुढं सरकवला, आणि खिडकीतला निळा कप काढून स्वतःपुढं ठेवला. आजही ती त्यातच पिते. मागच्या रविवारी मी घरी गेले होते. कपाची दांडी तुटली आहे, फूल पार पुसट झालं आहे. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, आता तरी तो कप टाका." आईनं तो दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "राहू दे. मायाच हाय तो."